साध्या वीसच का मेल्या

१

सोमवारी सकाळी आठ वाजता चिमटाताईनं इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि ती हातातलं काम विसरली. आत चाळीस प्लेट्स होत्या. त्यांतल्या वीस प्लेट्समधली बुरशी मेली होती, उरलेल्या विसांतली धडधाकट होती. एवढंच असतं तर मला कुणी बोलावलं नसतं. घरात दूध नासतं, प्रयोगशाळेत बुरशी मरते. लोक भांडं घासून पुढच्या कामाला लागतात. पण दुपारी यादी काढली तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. ज्या वीस प्लेट्सना सहा महिने तांब्याचा क्षार पाजला होता, त्या जगल्या होत्या. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्या साध्या वीस मेल्या होत्या. एकही इकडची तिकडे नाही.

प्रयोगशाळांमधल्या भानगडी निस्तरणं हे माझं काम. शिकले रसायनशास्त्र आणि पोट भरते लोकांच्या खोटेपणावर. बुधवारी मी तिथे पोचले तेव्हा निकाल जवळजवळ लागलेलाच होता. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार होती आणि चिमटाताईला काढून टाकणार होती.

जागा संस्थेची असली तरी कारभार घरचा होता. प्रयोगशाळा आप्पांनी उभी केली. ते निवृत्त झाल्यावर त्यांची लेक चालवू लागली, तिला सगळे नुसतं बाई म्हणतात. तिचा नवरा तिथेच मोजमापं करतो. त्याला शिपायापासून सगळे जावईबापू म्हणतात आणि तोही बिचारा ओ देतो. राहिली चिमटाताई. सव्वीस वर्षं ती केसाएवढी मुळं चिमट्यानं उचलून नव्या प्लेटवर ठेवत आली आहे, तेव्हा नावाचं वेगळं कारण सांगायला नको.

आणि बुरशी? ही भाकरीवर येते तसली नव्हे. ही झाडाच्या मुळात शिरते, जमिनीतली खनिजं मुळाला आणून देते आणि मुळाकडून साखर नि चरबी घेते. मुळावाचून ती जगत नाही. हा वाण आप्पांनी अकरा वर्षांपूर्वी एका बंद खाणीच्या ढिगाऱ्यावरच्या गवतातून आणला होता. दुसरीकडे तो कुठेच नाही. वाणाची मूळ प्लेट त्या साध्या विसांतच होती.

चिमटाताईवरचा आरोप सरळ होता. प्लेट्सवर फक्त आकडे होते, एक ते चाळीस. बघणाऱ्याची नजर आधीच एका बाजूला झुकू नये म्हणून कुठल्या आकड्याला तांबं आहे आणि कुठला साधा, हे इतरांना सांगायचंच नाही, अशी तिथली पद्धत. यादी एकट्या ताईकडे, बंद पाकिटात, तिच्या कपाटात. सोमवारी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, तेव्हा त्याचं सील शाबूत होतं. म्हणजे कुठल्या वीस साध्या आहेत हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि नेमक्या त्याच मेल्या.

हिशेब इतका चोख होता की मला पहिल्यापासूनच तो आवडला नाही.

२

"मी स्वतः तक्रार लिहिली," जावईबापू म्हणाले. "आणि बाहेरचं माणूस बोलवा असंही मीच म्हटलं. घरच्या घरात न्याय नको. ताईनं मला हातानं जेवण वाढलंय, मॅडम. मला काय हौस आहे?"

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मेलेल्या बुरशीचे धागे निळेभोर दिसत होते, जिवंत बुरशीचे बिनरंगी.

"हा रंग जिवंत पेशीत शिरू शकत नाही," ते म्हणाले. "पेशीभोवती पातळ पडदा असतो, चरबीचा. तो धड असला की रंग बाहेरच राहतो. पडदा फाटला की रंग आत आणि आतले क्षार बाहेर. या विसांचे पडदे फाटलेत."

"तांब्यानंही तेच होतं ना?"

"तेच. तांबं पहिला घाव पडद्यावरच घालतं. म्हणून तर हा प्रयोग." आवडीचा विषय निघाला तसे ते खुलले. "पण हा वाण चिवट. तांबं मिळालं की तो पडद्यातली चरबीच बदलतो. पातळ तेल काढून मेण भरावं तसं. पडदा घट्ट होतो, गळत नाही. ज्याला तांबं दिलेलं नाही तो कशाला एवढी उस्तवार करेल? त्याचा पडदा तेलाचाच राहतो."

नंतर त्यांनी मला मेलेल्या आणि जिवंत प्लेट्स एकेक करून दाखवल्या. प्रत्येक प्लेटच्या मधोमध उभी भिंत होती. एका बाजूला मुळं, आणि भिंत ओलांडून पलीकडे गेलेली बुरशी. तांबं घालायचं ते फक्त पलीकडे. मुळांना त्याचा थेंब लागत नाही. सगळ्याच प्लेट्सच्या झाकणांना आतून पाण्याचे थेंब चिकटले होते, आणि आतला जेलीसारखा थर कडेपासून आकसला होता. मुळं तपकिरी पडली होती.

"विष शोधलंत?"

"सगळी तपासणी केली. काही नाही सापडलं. म्हणजे हुशारीनं केलंय."

काही सापडलं नाही की माणूस नेहमी समोरच्याला हुशार ठरवतो. मी इन्क्युबेटर पाहिला. जुनं, हिरव्या रंगाचं, फ्रिजएवढं कपाट. जगलेल्या प्लेट्स दुसरीकडे हलवल्यामुळे ते रिकामं होतं. बाहेरच्या अंगाला एक कोराकरकरीत काळा नॉब होता, शून्यापासून दहापर्यंत आकडे असलेला. शेजारी दोरीला वही बांधलेली. ताई रोज सकाळी तापमान लिहायची, रविवार सोडून. शनिवारी सत्तावीस, सोमवारी सत्तावीस. त्याआधी सगळीकडे सत्तावीसच. बारा दिवसांपूर्वीच्या पानावर एवढंच जास्तीचं होतं: 'जुना नॉब जळाला, नवा बसवला. आता तीनवर ठेवावा.'

बाई भेटल्या त्या शेवटी. नीटनेटक्या, थकलेल्या. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि एकही वाक्य जास्त बोलल्या नाहीत. मी निघाले तेव्हा मात्र दारापर्यंत आल्या.

"एक विनंती आहे. आप्पांना यात ओढू नका. प्लेट्स गेल्या हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही."

मला आप्पांकडे जायचं सुचलंही नव्हतं. आता सुचलं.

३

पण आधी मी चिमटाताईकडे गेले. ती भावाच्या घरी राहते, तिसऱ्या मजल्यावर. दार तिच्या वहिनीनं उघडलं आणि उंबऱ्यातच माझी उलटतपासणी घेतली.

"काढायचंच ठरलंय तर चौकशीचं सोंग कशाला? आमच्या वन्सं घरात कुंडीतलं वाळकं पान तोडायचं तर आधी दहादा बघतात. त्या मारणार?"

"वहिनी, बसू दे त्यांना," आतून आवाज आला.

चिमटाताई खिडकीशी बसून मटार सोलत होती. बारीक, ताठ बाई, बोटं मात्र लांबलचक. सहा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती.

"मी मारल्या असत्या तर इतक्या बावळटासारख्या मारल्या असत्या का हो?" ती म्हणाली. "यादी माझ्याकडे, हे सगळ्यांना ठाऊक. आणि मी नेमक्या यादीबरहुकूम मारणार? चार तांब्याच्या नसत्या का मारल्या, वहीम जावा म्हणून?"

"हे तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"विचारलं कुणी? पाकीट फोडलं आणि सगळे गप्प झाले. नोकरीचं मला काही नाही, आज ना उद्या सुटणारच होती. पण आप्पांचा वाण हिनं मारला, असं म्हणवून घेऊन मी घरी बसायची नाही."

एवढं बोलून तिनं शेंगा बाजूला सारल्या.

"ते जाऊ दे. जगलेल्यांची मुळं कशी आहेत? मूळ गेलं तर बुरशी आठवड्यात जाईल. नव्या मुळावर चढवायला हवी. मला आत येऊ देत नाहीत, नि तिथे दुसऱ्या कुणाला ते जमत नाही."

तीन दिवसांत मुळांची चौकशी करणारी ती पहिली. मी तिला खरं ते सांगितलं. मुळं तपकिरी पडली आहेत.

"मेलेल्यांची ना?"

"जगलेल्यांचीही."

"सगळ्यांची?"

"मी पाहिल्या त्या सगळ्यांची."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग मुळांना काय झालं, मॅडम? कुणी साध्या विसांवरच विष घातलं म्हणता, तर तांब्याच्या विसांतली मुळं कशी मेली?"

४

जिन्यावरून उतरताना माझं डोकं ताळ्यावर आलं. सगळ्यांनी बुरशीकडे बघितलं होतं, कारण सगळ्यांची पोटापाण्याची बाब बुरशी होती. मुळं म्हणजे खानावळ. खानावळवाल्याकडे कोण बघतं?

चाळीसही प्लेट्सची मुळं मेली, म्हणजे घाव चाळीसही प्लेट्सवर पडला. कुणी वीस निवडल्याच नव्हत्या. एकच घाव सगळ्यांवर सारखा बसला, आणि त्यात ज्यांचे पडदे सहा महिन्यांत मेणासारखे घट्ट झाले होते त्या बुरश्या तगल्या. ज्यांचे पडदे तेलाचे होते त्यांचे फाटले. निवड पडद्यांनी केली. त्याला यादी लागत नाही, पाकीट लागत नाही, आणि चिमटाताई तर मुळीच लागत नाही.

मग घाव कसला? तेल आणि मेण यांत फरक करणारी, कुठलाही अंश मागे न ठेवणारी, झाकणांना घाम फोडणारी आणि जेली आकसवणारी गोष्ट घरातल्या पोरालाही माहीत असते. उष्णता.

त्यासाठी कपाट उघडावंही लागत नाही. नॉब बाहेर आहे.

मी फाटकावर जाऊन पहारेकऱ्याची वही मागितली. शनिवारी सकाळी आठ ते अकरा चिमटाताई. बारा ते दोन जावईबापू. चार ते पाच आप्पा. रविवारी अकरा दहा ते अकरा वीस बाई. बाकी चिटपाखरू नाही.

"आप्पा दर शनिवारी येतात?" मी विचारलं.

"हो तर. बुरशीला भेटायला येतात, असं आपले म्हणतात." पहारेकरी हसला. "त्याच्या आधीच्या शनिवारी तेवढे नव्हते आले, गुडघा धरला होता."

शनिवारी सकाळी सत्तावीस, सोमवारी सकाळी सत्तावीस. म्हणजे मधे कुणी नॉब चढवला आणि कुणी उतरवला. चढवणारा तासाभरानं उतरवून गेला असता, तर जेली एवढी आकसली नसती. ती बराच वेळ शिजली होती, निदान रात्रभर. उतरवणारं माणूस रविवारचं होतं. रविवारी एकच माणूस आलं होतं.

बाई ऑफिसातच होत्या.

"रविवारी दहा मिनिटं कशाला आला होतात?"

"चष्मा विसरला होता," त्या म्हणाल्या. "घेतला आणि गेले. इन्क्युबेटरच्या खोलीत गेलेच नाही."

खोलीचं नाव मी काढलंच नव्हतं.

५

गुरुवारी सकाळी मी आप्पांकडे गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीला टेकून काठी, टेबलावर भिंग. वय ब्याऐंशी, पण आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. मी म्हटलं, जुन्या उपकरणांची माहिती गोळा करते आहे. खोटं बोलणं मला आवडत नाही, पण जमतं.

"तो हिरवा इन्क्युबेटर ना? माझ्या हातचा आहे," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं झाली. यंत्र इमानी, पण माणसं उनाड. येता जाता नॉबला धक्का लावतात."

"बरोबर कितीवर ठेवायचा तो?"

"साडेचार. डोळे मिटून सांगेन. साडेचार म्हणजे सत्तावीस अंश." ते मनापासून हसले. "आता परवा शनिवारचंच घ्या. बघतो तर काटा तीनवर. म्हटलं, बरं झालं आपण आलो, नाहीतर पोरं गारठून मेली असती की! दिला साडेचारवर आणून. लेकीला बोललो नाही, उगाच तिला वाटायचं म्हातारा चुका काढतो."

मी त्यांच्याकडचा चहा पुरा प्यायले. त्यांनी मला वाणाची जन्मकथा सांगितली, ढिगारा, गवत, खिशातल्या रुमालात बांधून आणलेली मुळं. मी सगळी ऐकली. माझ्या धंद्यात मी अनेकांचे कबुलीजबाब घेतलेत, पण इतक्या आनंदानं दिलेला हा पहिलाच. त्यांचा भुवया उडवून बोलणारा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी चहा छान झालाय असं दोनदा म्हणाले.

परत येऊन मी रिकामं कपाट साडेचारवर लावलं आणि आत तापमापी ठेवली. तीन तासांनी पारा एक्केचाळीसवर होता.

६

"साडेचारवर दिसला आणि तुम्हाला तिथेच कळलं," मी बाईंना म्हटलं. दार लावून घेतलं होतं. "जगात एकच माणूस तो साडेचारवर लावतो."

त्यांनी नाही म्हटलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी लगेच खाली आणला. वाटलं, वाचतील. सोमवारी यादी निघाली आणि नेमक्या साध्याच मेलेल्या. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, मॅडम, शपथेवर सांगते. क्षणभर मलाच वाटलं, ताईनंच काहीतरी केलं असेल."

"क्षणभर. आणि नंतर?"

"मंगळवारी मुळं बघितली." त्यांचा आवाज बारीक झाला. "आई गेल्यापासून आप्पा त्या वाणावर जगतात. आपल्या हातानं मारला हे कळलं तर ते उठणार नाहीत. ताई काय, सहा महिन्यांनी जाणारच होत्या."

"जाणं आणि घालवणं यात फरक आहे, बाई."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग एकदम पुढे झुकल्या.

"यंत्रात बिघाड झाला असं लिहा ना. ताईही सुटतील आणि आप्पाही. कुणाचंच काही जाणार नाही."

खरं सांगते, मी विचार केला. चांगला मिनिटभर केला.

"नवा नॉब बसवणाऱ्याचं जाईल," मी म्हटलं. "त्यानं चोख काम केलंय, आणि त्याच्याही घरी कुणी वहिनी असेल. उद्या अकरापर्यंत वेळ आहे. आप्पांना कुणीतरी सांगणारच आहे. ते समितीच्या कागदातून कळावं की लेकीच्या तोंडून, एवढंच तुमच्या हातात आहे."

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना आप्पा काठी टेकत आत आले. मागून बाई, डोळे सुजलेले. जावईबापू उठून उभे राहिले, त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर चिमटाताई बसली होती, शेजारी वहिनी.

"नॉब मी चढवला," आप्पा उभ्यानंच म्हणाले. "वही बाजूलाच होती. वाचली नाही. आयुष्यभर पोरांना सांगितलं, आधी वही वाचा. लिहून घ्या."

समितीतलं कुणीतरी म्हणालं, आप्पा, बसा तरी. ते बसले नाहीत. लेकीकडे वळले.

"बुरशी मारली हे मला झेपलं असतं गं. नसतं झेपलं तर रडलो असतो. पण मला रडू येऊ नये म्हणून तू हिला बळी द्यायला निघालीस, ते कसं झेपवू?"

बाईंनी मान खाली घातली.  जावईबापूंनी टेबलावरची आपली तक्रार उचलली, घडी घातली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरली.

चिमटाताई उठली. आप्पांच्या हाताला धरून तिनं त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मग समितीला म्हणाली, "तुमचं लिहिणं चालू दे. मुळं पाच दिवसांपासून मेलेली आहेत. मला आत सोडा."

ती साडेअकराला आत गेली आणि सहाला बाहेर आली. मधे पाणीसुद्धा प्यायली नाही. विसांपैकी सतरा प्लेट्समधली बुरशी तिनं नव्या मुळांवर चढवली. तीन हाती लागल्या नाहीत. आप्पा काचेबाहेर बसून होते. वाण वाचला, हे जावईबापूंनी महिन्याभरानं मला फोन करून कळवलं.

त्या संध्याकाळी मी बॅग भरत होते. ताई हात धुऊन, ॲप्रनची घडी करून निघाली. बाई दाराशी दोन तास उभ्या होत्या.

"ताई, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर म्हणेन, लिहूनही देईन. सोमवारी याल ना?"

चिमटाताईनं जरा विचार केला. राग असा तिच्या तोंडावर नव्हता.

"पाकीट फोडलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते, बाई. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी 'ही नव्हे' असं म्हणायला हवं होतं. तुम्ही खाली बघितलंत. आता सोमवारी येऊन मी कुणाकडे बघू?"

तिनं ॲप्रन बाईंच्या हातात दिला. वहिनी फाटकाशी थांबली होती, तिच्याबरोबर ती घरी गेली.